अण्णांसाठी बत्तीस इंच

॥ श्री ॥
क्योतो, १२ जून २०११

चि. यतीन यास जगदीशचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोनवर आपण दोघे तिसऱ्या वाक्यालाच आवाज चढवतो, म्हणून हे पत्र. कागदावर निदान एकमेकांचे बोलणे तोडता येत नाही.

मुख्य मुद्दा असा. चोवीस जुलैला दुपारी बारा वाजता जुन्या पद्धतीचे टीव्ही प्रक्षेपण बंद होत आहे. तुझ्या घरातल्या त्या पेटीवर वरखाली काळ्या पट्ट्या आणि सूचना दिसत असतील, त्यांचा अर्थ हाच. त्याच दुपारी नागोयाच्या सुमो स्पर्धेचा शेवटचा दिवस आहे. भाषा न कळता अण्णांना या देशातली जी एकच गोष्ट मनापासून आवडते, तिचा निकाल लागत असताना त्यांच्यासमोर मुंग्यांची वारुळे दिसावीत, हे मला पटत नाही. नवा टीव्ही घ्यावा. निम्मा खर्च माझा. दोघांचे मिळून चाळीस हजार येनच्या वर जायचे नाही, कारण तुझे हप्ते मला ठाऊक आहेत.

आता निवड कशी करायची ते क्रमाने सांगतो. हा विषय माझ्या प्रयोगशाळेच्या अगदी शेजारचा आहे आणि खरोखर सुंदर आहे. दुकानातला विक्रेता आधी इंच विचारतो. ते चूक. आधी अंतर विचारावे. चित्र ठिपक्यांचे बनलेले असते. ठरावीक अंतराच्या पलीकडे गेले की डोळ्याला दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत. तिथून पुढे जास्त ठिपक्यांसाठी पैसे मोजणे म्हणजे न दिसणाऱ्या वस्तूची किंमत देणे. पडद्याच्या उंचीच्या तिप्पट अंतरावर बसणाऱ्यालाच पूर्ण एचडीचा लाभ मिळतो. त्याहून लांब बसणाऱ्याला ७६८ ओळींचा स्वस्त पडदा पुरतो. प्लाझ्मा नको, कारण तुमच्याकडे यंदा विजेची टंचाई आहे. मागे एलईडी दिवे असलेला घ्यावा. चकचकीत काच नको, खिडकी त्यात दिसते. भूकंपासाठी भिंतीला बांधायचा पट्टा वेगळा मागून घे. जुनी पेटी कचऱ्यात ठेवता येत नाही, तिची विल्हेवाट लावण्याचे शुल्क दुकानातच भरावे लागते.

तेव्हा मला तीन गोष्टी कळव. अण्णा बसतात तिथून पेटीपर्यंतचे अंतर, खिडकीची दिशा आणि कपाटाची रुंदी. टीव्ही हलका असावा, कारण सप्टेंबरात अण्णांच्या इथे राहण्याच्या परवान्याचे नूतनीकरण होईल तेव्हा अर्जावर माझा पत्ता येईल आणि टीव्ही त्यांच्याबरोबर इकडे आणावा लागेल. मी त्यांना फोनवर स्पष्ट विचारले आहे, त्यांनी हो म्हटले आहे. आई गेल्यापासून वर्षभर तू त्यांना सांभाळलेस, याबद्दल तक्रार नाही. पण मार्चच्या भूकंपानंतर तुमची इमारत अजून दर आठवड्याला हलते.

सौ. जयंतीस आशीर्वाद. लोभ आहेच, तो मोजून पाहू नये.

तुझा,
जगदीश

हिगाशी-कसाई, १९ जून २०११

ती. दादास यतीनचा सा. न. वि. वि.

तुझे पत्र मिळाले. टीव्हीच्या निमित्ताने माझ्या घराची मापे मागितली आहेस. आजवर या घराची तपासणी फक्त घरमालकाने केली होती.

इमारत हलते, हे खरे आहे. मार्चमध्ये ती कशी हलली, हे तुला पुण्याहून कळले असेल, कारण चौथ्याच दिवशी तू वहिनींना घेऊन विमानात बसला होतास. तेही क्योतोहून, जिथे कपसुद्धा सांडला नव्हता. आम्ही मात्र पाण्याच्या बाटल्यांसाठी एका दुकानातून दुसऱ्या दुकानात फिरत होतो. भूकंपाच्या दिवशी लोकल बंद, तोयोसुच्या ऑफिसातून मी चालत घरी आलो, तेव्हा मध्यरात्र उलटली होती. या काळात अण्णांचा हात धरणारे कोण होते, याचा विचार करून मग पत्ता बदलण्याची भाषा कर.

आणि अण्णांनी तुला हो म्हटले, यावर माझा विश्वास नाही. मागच्या रविवारी जेवताना मी त्यांना विचारले की अण्णा, इथेच राहायचे ना. त्यांनी मान डोलावून हो म्हटले आणि आमटी मागितली. म्हणजे तू त्यांना फोनवर बोलण्यात गुंडाळतोस, असाच अर्थ निघतो. लहानपणापासून तुझी ही रीत आहे. समोरच्याला इतके समजावायचे, की त्याने कंटाळून हो म्हणावे.

तुझी मापे. कपाट नव्वद सेंटिमीटर. खिडकी पश्चिमेला. सोफ्यापासून पेटी दोन मीटर, पण त्याचा उपयोग नाही, कारण अण्णा सोफ्यावर बसत नाहीत. पेटीला जवळजवळ खेटून खुर्ची ओढतात आणि एक हात पेटीवर ठेवतात, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. आम्ही सांगून दमलो. आवाज मात्र वाढवत नाहीत. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी तक्रार केल्यापासून जयंतीने जो आकडा ठरवून दिला आहे, तेवढ्यावरच ठेवतात. तुझ्या शास्त्रात या बैठकीसाठी काही सूत्र असल्यास कळव.

वहिनींस पुण्याला नमस्कार कळव. लोभ वाढावा असे या महिन्यात माझ्याच्याने लिहवत नाही. आहे तेवढा टिकावा.

यतीन

क्योतो, २६ जून २०११

चि. यतीन यास आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या पत्रातली दूषणे बाजूला ठेवतो. एवढेच सांगतो, की तुझ्या वहिनींना सातवा महिना होता आणि त्यांना माहेरी पोचवून मी आठव्या दिवशी परत आलो. हे तुला ठाऊक होते, तरी तू लिहिले नाहीस. प्रयोगातली गैरसोयीची नोंद वगळणाऱ्या विद्यार्थ्याला मी प्रयोगशाळेत उभा करत नाही.

तुझ्या पत्रात उपयोगाचे एकच वाक्य आहे आणि त्याचा अर्थ तुला कळलेला नाही. माणूस पडद्याला खेटून बसतो तो हट्टाने नव्हे. जवळ गेल्यावर दृश्य डोळ्यात मोठे होते, म्हणून बसतो. म्हणजे अण्णांना दिसत नाही. हात पेटीवर ठेवतात तोही आधारासाठी, कड दिसत नसेल म्हणून. एक माणूस तुझ्या डोळ्यांदेखत आंधळा होत आहे आणि तू मला बैलाच्या पाठीच्या उपमा लिहून पाठवतोस. या आठवड्यात त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने. नेणे जमत नसेल तर कळव, मी येऊन नेतो आणि तसाच इकडे घेऊन येतो.

टीव्हीचा निर्णय मी घेतला आहे. ते जवळ बसणार असतील, तर गणित उलटे होते. ठिपके दिसतील इतक्या अंतरावर स्वस्त पडदा चालणार नाही, म्हणून बत्तीस इंची, पूर्ण एचडी. मागच्या वर्षीचे मॉडेल असल्याने बजेटात बसला. मी पैसे भरले आहेत, तुझा निम्मा वाटा तू कधीही दे. यंत्र पाहून मन प्रसन्न होते. जाडी फक्त दोन बोटे. काळा रंग काळाच दिसतो. पैलवानाच्या पाठीवरचा घाम मोजता येईल. दुकानात मी इतका वेळ उभा होतो, की विक्रेत्याने मला खुर्ची आणून दिली.

काल अण्णांशी फोनवर बोललो. क्योतोला यायचे पक्के ना, असे पुन्हा विचारले. पुन्हा हो म्हणाले. माझ्या बाजूने मी सर्व नोंदी पूर्ण ठेवतो.

लोभ असावा, ही विनंती करण्याची वेळ सध्या तुझ्यावर आहे.

जगदीश

हिगाशी-कसाई, १५ जुलै २०११

ती. दादास सा. न. वि. वि.

अण्णांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेले. मी ऑफिसातून अर्धा दिवस सुट्टी घेतली होती. पुण्यात मोतीबिंदू काढल्यानंतरची नजर उत्तम आहे. सर्वांत खालच्या ओळीतली जपानी अक्षरे त्यांनी हवेत बोटाने गिरवून दाखवली. डॉक्टर खूश झाले. तेव्हा आंधळा कोण, ते क्योतोत बसून ठरव.

तुझा टीव्ही आला. चित्र चांगले आहे, हे मान्य करतो. अण्णांनी नेहमीप्रमाणे खुर्ची ओढली, कडेवर हात ठेवला, मग मागे ठेवला, मग खाली ठेवला. दोन दिवस असे केले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, की हा मेलेला आहे. मी म्हटले, अण्णा, चित्र तर चालू आहे. ते हो म्हणाले आणि आतल्या खोलीत, जिथे मी जुनी पेटी उचलून ठेवली होती, तिथे जाऊन बसले. आता स्पर्धा त्या पेटीवर पाहतात. कोपऱ्यात किती दिवस उरले याचा मोठा आकडा येतो, पैलवानाचे पाय त्याच्या मागे जातात. आणि बाहेरच्या खोलीत तुझे दोन बोटांचे यंत्र रिकाम्या सोफ्याला घाम दाखवत असते. ते परत घेऊन जा.

परवा मी एक गोष्ट मुद्दाम केली. तुझा फोन चालू असताना अण्णांच्या शेजारी उभा राहिलो. तू बोलत होतास, ते हो, बरं, हो म्हणत होते. फोन ठेवल्यावर स्वयंपाकघराच्या दारातून मी विचारले, अण्णा, दादाकडे जायचे नाही ना. हो म्हणाले. पुन्हा विचारले, म्हणजे इथेच राहणार ना. हो म्हणाले. तुला काय वाटते ते तू ठरव, मला त्या क्षणी अण्णांचाच राग आला. दोन मुलांना झुंजवून मजा पाहतात, असे मी जयंतीला म्हणालो. ती ताट तसेच ठेवून उठली. तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाही. हीसुद्धा तुझ्याच टीव्हीची कृपा.

चोवीस तारखेला ये. अण्णांना समोर बसवू. एकदाच हो की नाही ते होऊन जाऊ दे. त्यानंतर पत्रेही नकोत.

कळावे. लोभाचे त्यानंतर पाहू.

यतीन

हिगाशी-कसाई, १८ जुलै २०११

चि. जगदीश व चि. यतीन यांस तुमचे वडील गुणवंत यांचे आशीर्वाद.

एकाच मजकुराच्या दोन प्रती केल्या आहेत. एक जयंती टपालात टाकील, दुसरी यतीनच्या जेवणाच्या ताटाशेजारी ठेवील. तुमची पत्रे मी वाचतो. यतीन आलेली पत्रे चपलांच्या कपाटावर टाकतो आणि उत्तरे लिहून पाकीट बंद करायचे विसरतो. चोरून वाचले असे म्हणू नका, घरातल्या सगळ्या बोलण्यापैकी तेवढेच माझ्यापर्यंत पोचते.

मला ऐकू येत नाही. डावा कान पुण्यातच गेला होता. पस्तीस वर्षे कारखान्याच्या फोर्ज शॉपमध्ये घणाखाली उभा राहिलेल्या माणसाचे दुसरे काय होणार. उजवाही या दीड वर्षात बहुतेक गेला. फोनवर जगदीशचा आवाज म्हणजे लांबच्या रस्त्यावरची गाडी. यतीन तर पाठ फिरवून किंवा दारातून बोलतो. मी हो म्हणतो, कारण हो म्हटल्यावर माणसे पुढे जातात आणि काय म्हटलेत असे विचारल्यावर थांबून तोंडाकडे पाहतात. तुमच्या आईला हे माहीत होते. ती माझ्या वतीने ऐकत असे.

जुन्या पेटीच्या अंगाला गुरगुर होती. पैलवान भिडले आणि लोक ओरडले की ती तळहाताला कळायची. जगदीशच्या टीव्हीत ती नाही. तू अंतर मोजलेस, ठिपके मोजलेस, काळा रंग तपासलास. दोघांनी मिळून चार पत्रे लिहिलीत आणि एकालाही टीव्हीला आवाज असतो हे आठवले नाही. आवाजाच्या आकड्याचा उल्लेख यतीनने केला होता, तोही तुला दिसला नाही. विद्वान माणसा, तुझ्या पत्रांतली अर्धी पाने मला आवडली. उरलेली अर्धी तू धाकट्या भावाला विद्यार्थ्यासारखा उभा करण्यात घालवलीस.

जयंतीला मार्चपासून ठाऊक आहे. भूकंपाच्या त्या दुपारी पालिकेचे भोंगे वाजत होते, बाहेर पडा म्हणून सांगत होते, आणि मी चहा गाळत होतो. जमीन हलते आहे एवढे पायांना कळले. बाहेर पडायचे की टेबलाखाली जायचे ते कळेना. तिने येऊन माझे मनगट धरले आणि माझा चेहरा स्वतःकडे वळवला. त्या दिवसापासून ती आधी समोर येते, मग बोलते. कुणाला सांगायचे नाही अशी शपथ मी घातली होती. ती तिने तुमच्या शिव्या ऐकूनही पाळली. यतीन, त्या ताटाबद्दल तू तिची माफी माग. मी मजा पाहत नव्हतो. मी घाबरलो होतो, की कळल्यावर तुम्ही माझ्याबद्दल माझ्यासमोरच बोलू लागाल.

आता तुमच्या प्रश्नाचे उत्तर. आजवर दिलेले सगळे होकार रद्द समजा. जगदीश, मी क्योतोला येणार नाही. तुझे घर दिवसभर रिकामे असते आणि पुण्याहून सून बाळाला घेऊन परतली की तिच्या हातांना माझे मनगट धरायला सवड नसेल. तिथे भोंगा वाजला तर मी पुन्हा चहा गाळत बसेन. अर्जावर याच घराचा पत्ता राहील. यतीन, तू जिंकलास असे समजू नकोस. मी सुनेकडे राहतो आहे, तू तिथे आहेस एवढेच.

चोवीसला जगदीशने जरूर यावे, न्यायला नव्हे. तुला निवडायची एवढी हौस आहे, तर कानाचे यंत्र निवड. किती प्रकार असतात, कोणते कशासाठी, बजेटात काय बसते, सगळे क्रमाने लिहून आण. मी शब्द न् शब्द वाचीन आणि प्रश्नही विचारीन.

पत्रे बंद करायची असे यतीनने लिहिले आहे. ते चालणार नाही. भांडायचे ते लेखीच भांडा आणि पाकीट उघडे ठेवा. गेल्या दीड वर्षात माझ्या मुलांचे पुरते बोलणे मला या महिन्यातच कळले. वाईट होते, पण मी ते पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत ऐकले.

दोघांवर लोभ आहे. कमीजास्त विचारू नये, आता मी हो म्हणणार नाही.

तुमचा,
अण्णा