चार सोमवारांचं पेन

५ जानेवारी, सोमवार
टोचलं! पोटात, बेंबीपासून चार बोटं लांब. मुंगी चावते तेवढंच. आठवडाभर उगाच घाबरले.
मुरबाडच्या डॉक्टरबाईंनी लिहून दिलंय — साखरेचं इंजेक्शन, पेनासारखं, आठवड्यातून एकदा. एका पेनात चार सोमवार. "सुई दर वेळी नवी. जागा बदलायची. सुरुवातीला मळमळेल. थोडं थोडं खा, पाणी प्या. पोटात जोरात दुखून कळ पाठीत गेली तर तडक या."
पेन आमच्या ढाब्याच्या फ्रिजमध्ये. बर्फाच्या खणात नाही — खाली, लिंबांशेजारी.

७ जानेवारी
कांदा तेलात पडला की मी मागच्या दारी. दिवसात पाचदा. माळशेजला निघालेली माणसं थाळीला बसली होती, त्यांनी ऐकलं. दोघं उठले.
हे गल्ल्यावरून — "ढाबेवालीलाच ओकारी! बोर्डावर लिहू का?"
चव बघायचं काम आता कुणालीकडे. धाकटी जाऊ माझी, भाकऱ्या थापते.

८ जानेवारी
आजही.

१२ जानेवारी
दुसरं. मांडीत. कुणाली बघत होती. "वयनी, याने बारीक होतात ना? मलाबी एक दे."
म्हटलं, साखरेचं औषध आहे, गजरा नाय वाटून घ्यायला. हसली.

१५ जानेवारी
मळमळ कमी. अर्ध्या भाकरीत पोट भरतं. उपाशीपोटी साखर १४८! गेल्या महिन्यात २३१ होती.
ह्यांनी मशीन हातात घेऊन आकडा दोनदा वाचला. "टोचताना दुखतं का गो?" बावीस वर्षांत पहिल्यांदा विचारपूस. तारीख लिहून ठेवली.

१९ जानेवारी
पेन रिकामं! डोसचा आकडा फिरवते तर जागचा हलत नाही. दोन सोमवार गायब.
कुणालीला सगळ्यांसमोर विचारलं. विचारलं कसलं — चोर म्हटलं.
"आईशप्पथ वयनी, मी हात नाय लावला."
मी म्हटलं, मग लिंबांनी टोचून घेतलं का?
तिने परात धुतली, पालथी घातली आणि गेली. हे मान खाली घालून पेपर वाचत होते. जेवलेही नाहीत.
भाकऱ्या मी थापल्या. जाड झाल्या.

२० जानेवारी
डॉक्टरबाईंना फोन केला. "दुसऱ्या कुणी वापरलेलं पेन परत वापरायचं नाही, सुई बदलली तरी. एकाचं रक्त दुसऱ्याला लागतं. दोघींनी तपासणीला या."
दोघी कुठल्या? कुणाली फोन उचलत नाही.
ह्यांना उलट्या. म्हणतात, मिसळ बाधली.

२१ जानेवारी
उलट्या थांबत नाहीत. पाण्याचा घोटही टिकत नाही. जीभ कोरडी, डोळे आत. "डॉक्टर नको, डॉक्टर नको" — लहान पोरासारखं. जीपमध्ये घातलं नि मुरबाडला आणलं.
सलाइन लावलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, "यांना साखर कधीपासून?"
म्हटलं, यांना नाही, मला.
त्यांनी मशीन माझ्यासमोर धरलं. ४३८.

२२ जानेवारी
पेन ह्यांनी संपवलं. रविवारी, दोन डोस एकदम. "तुझी उतरली ना गो. म्हटलं माझी पण उतरंल. कुणाला कळायचं नाय."
नर्सने मोजे काढले. डाव्या पायाची दोन बोटं काळी. दिवाळीपासून!
कुणालीला फोन केला. आज उचलला. मीच बोलले, बराच वेळ. शेवटी म्हणाली, "डबा कुठं आणू?"

२३ जानेवारी
बोटं काढली. पाय वाचला.
शुद्धीवर आल्यावर विचारलं — एवढं काळं पडेपर्यंत दुखलं नाही?
म्हणाले, "नाय ना. जराबी नाय. म्हणून तर भ्यायलो."