मामा, गाडी तापतेय

मामा, तुमची गाडी तापतेय. संक्रांत झाली आणि सुरू झालं, ते होळी गेली तरी चालूच आहे. बेंबळीतून धाराशिवच्या रस्त्याला लागून जरा वेग घेतला, की काटा मध्यावरून उठतो आणि लाल रेघेकडं सरकायला लागतो. मग मी तुम्ही शिकवलेलं करते. एसी बंद, काचा खाली, हीटर पूर्ण चालू. भर उन्हात हीटर लावून पदरानं घाम पुसत चाललेल्या म्हातारीकडं मोटारसायकलवाले वळून वळून बघतात. "इंजिनाचा ताप थोडा आपण घ्यायचा, तेवढंच त्याला हलकं वाटतं," असं तुम्ही म्हणायचात आणि मागच्या सीटवर सासूबाई तुमच्या नावानं बोटं मोडायच्या. तरीही काटा उतरला नाही तर बाजूला घेते, बॉनेट उघडते आणि बाभळीच्या सावलीत उभी राहते. रेडिएटरच्या झाकणाला हात लावत नाही. सुनेच्या हातात स्टिअरिंग देण्याआधी तुम्ही पहिली ताकीद दिली होतीत ती हीच. उघडं बॉनेट दिसलं की आपल्याकडं कुणी ना कुणी थांबतंच. "तापली का, बाई?" म्हणतात, पाण्याची बाटली काढून देतात, पोरं कुठं असतात ते विचारतात.

असाच कुणी ओळखीचा थांबला आणि त्यानं तुमच्या नातवाला पुण्याला फोन केला. झालं. संध्याकाळी याचा मला फोन. "आई, मी पाडव्याला येतोय. तोवर गाडी नीट झाली तर ठीक, नाहीतर घराला कुलूप लावू आणि तू माझ्याबरोबर चल." चिडून बोलला असता तर मीही दोन शब्द सुनावले असते, पण तो अगदी शांतपणे बोलला. त्याचं चुकतंय असं नाही. आपलं घर शेतात, गावापासून लांब. रिक्षा इकडं फिरकत नाही. बीपीच्या गोळ्या संपल्या की मला धाराशिव गाठावं लागतं. तुमचे चिरंजीव गेल्यापासून घरात मी एकटीच. गाडी आहे म्हणून मी इथं आहे. पुण्यात त्याच्याकडं माझ्यासाठी खोली आहे, सूनही चांगली आहे, पण तिथं सकाळी उठून मी कुठल्या दाराची कडी काढायची हेच मला कळत नाही. मला जायचं नाही, मामा.

धाराशिवच्या मेकॅनिकनं सगळं करून पाहिलं. झाकण बदललं, कूलंट बदललं, आतला व्हॉल्व्ह बदलला. मला शेजारी बसवून त्यानं गाडी बाजारातून फिरवून आणली. बसस्टँडच्या गर्दीतसुद्धा काटा शहाण्या मुलासारखा मध्यावर. "बघा बाई, काही नाही," म्हणाला. परत येताना शहराची हद्द सुटली आणि काटा उठला. दुसऱ्यांदा गेले तेव्हा म्हणाला, "गाडीचं वय झालंय आता." बोलताना तो गाडीकडं बघत होता, पण मला ते उगाचच लागलं.

त्या दिवशी घरी येऊन मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले. सासूबाईंना हिवताप यायचा तेव्हा तुम्ही बसायचात तिथंच. तहसीलातून आलात की टोपी गुडघ्यावर ठेवून चुलीजवळ पांघरूण घेऊन पडलेल्या त्यांच्याकडं बघत राहायचात. मी नवी होते, मला वाटायचं हा माणूस डॉक्टरकडं का पळत नाही. तुम्ही म्हणालात, "सूनबाई, ताप किती हाय ते डॉक्टर बघंल. कवा येतो ते आपण बघायचं." पुढं गाडी घेतलीत तेव्हा तिलाही तोच न्याय. गाडी का बिघडली हे तुम्ही कधी विचारलं नाहीत, कधी बिघडते एवढंच विचारायचात. माझी शाळा लांबच्या गावी बदलली आणि "बाईमाणसाला गाडी कशाला" म्हणून तुमचे चिरंजीव अडून बसले, तेव्हा तुम्ही त्यांच्यादेखत दुसरी किल्ली लाल दोऱ्यात ओवून माझ्या हातात ठेवलीत. ती अजून त्याच दोऱ्यात आहे. दोरा तेवढा काळा पडलाय.

तर मी कधी ते बघायला लागले. गाडी उभी असताना तापत नाही. हळू चालताना तापत नाही. वेग घेतला की तापते, एसी लावला की लवकर तापते. कूलंट तसूभर कमी होत नाही, म्हणजे गळती नाही. पंखा फिरतोय, त्याचा आवाज मला पाठ आहे. मग एक दिवस तुमची वर्तमानपत्राची युक्ती आठवली. एसी लावून पंखा सुरू केला आणि पेपराचं पान पुढच्या जाळीला लावून हात सोडला. पान चिकटून राहायला हवं होतं. ते सरळ माझ्या पायांवर पडलं. वारा आत जातच नव्हता. पण जाळी तर समोरून स्वच्छ होती, मेकॅनिकनंही ती पाहिली होती. मी इंजिन निवू दिलं, चष्मा पुसला आणि वरच्या फटीतून बॅटरीचा उजेड टाकला. पुढं एसीची जाळी, मागं रेडिएटरची, आणि दोन्हींच्या मधल्या बोटभर जागेत गादीत कापूस ठासावा तसं भुसकट ठासलेलं. तुरीचं, हरभऱ्याचं. खालच्या फटीतून शिरून वरपर्यंत चढलेलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशातली गत. नळी आत सोडून हलक्या धारेनं धुतलं, तर अंगणात ओल्या भुसकटाचा ढीग झाला आणि खळ्यावर यायचा तसा वास सुटला.

तुम्ही असतात तर वासावरूनच ओळखलं असतंत. गाडी शिकत होते तेव्हा गाड्यांखाली मळून निघावेत म्हणून कुणीतरी रस्त्यावर हुलगे पसरले होते आणि मी त्यावरून गाडी नेली. तुम्ही तिथल्या तिथं मला खाली उतरवलंत. "गाडी म्हंजी काय मळणीचा बैल हाय व्हय? सायलेन्सरला भुसा चिकटला तर पेटंल की." मला रस्त्यावर वाकायला लावून गाडीच्या पोटाखालचं भुसकट काढून घेतलंत. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी तुमच्याशी दोन दिवस बोलले नाही.

आणि या वर्षी काय केलं सांगू? आपल्या शेताकडून मोठ्या रस्त्याला लागताना जो तुकडा लागतो, तिथं तीन-चार घरच्या बायका माल पसरतात. ज्यांचं पोतं-दोन पोती निघतं, त्या मशीन कशाला बोलावतील. पहिल्या दिवशी मी कडेनं गाडी काढत होते, तर त्यातली एक, माझीच जुनी विद्यार्थिनी, आडवी आली. "बाई, कडंनं का जाताव? वरनंच जावा की. दोन चकरा जास्तीच्या मारल्या तर आमच्या काठ्या वाचत्याल." मी मारल्या. मग त्यांनी चहा दिला. दुसऱ्या दिवशी मला धाराशिवला काही काम नव्हतं, तरी गेले. पुढं, मागं, परत पुढं. खिडकीतून कुणी हिरव्या हरभऱ्याचा ओंजळभर सोलाणा द्यायची, कुणी सुनेचं गाऱ्हाणं सांगायची. "बाई, उद्या तूर हाय आमची, या बरं का," असं आदल्या दिवशी आमंत्रण. घरात माझ्याशी बोलायला फक्त कुकर आहे, मामा. मळणीचा बैलसुद्धा कधी एकटा फिरत नाही, त्याच्या बाजूला दुसरा जुंपलेला असतो. तुमचं ऐकायचं की चहाला जायचं, एवढाच प्रश्न होता, आणि मी रोज चहाला गेले.

पाडव्याला तुमचा नातू आला. गुढी उतरायच्या आत गाडी घेऊन धाराशिवपर्यंत जाऊन आला, एसी लावून, वेगात. काटा हलला नाही. "काय होतं गं?" म्हणाला. मी म्हटलं, "कचरा अडकला होता जाळीत." कुठून आला ते त्यानं विचारलं नाही. हसला, मला म्हणाला, "बरं बाई, राहा इथंच," आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन पुण्याला गेला. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं. फाटकाशी मी बराच वेळ उभी होते.

आज गोळ्या आणायला निघाले. त्या तुकड्यावर आता कुणी नाही. हरभरा संपला, बायका आपापल्या घरी. डांबर झाडून काढल्यासारखं स्वच्छ. काटा मध्यावर, गाडी तुमच्या वेळेसारखी पळत होती. होळीपासून थोडं थोडं करत हे पत्र लिहितेय, तेही तुम्हाला पोचायचं नाही म्हणूनच, नाहीतर लिहायचं धाडस झालं नसतं. पुढं त्या बाभळीपाशी मी गाडी बाजूला घेतली, बंद केली आणि बॉनेट उघडून उभी राहिले. बऱ्याच वेळानं एक मोटारसायकलवाला थांबला, पाण्याची बाटली काढली आणि म्हणाला, "तापली का, बाई?"

मी व्हय म्हणाले.