गादीवाल्यांसाठी दोन फलक

४ मार्च, मंगळवार
गादी तयार करणाऱ्या कंपनीने जाहिरातीसाठी आपल्या एजन्सीस बोलावले आहे. सादरीकरण सोमवारी. सूनबाईंनी लॅपटॉप व प्रोजेक्टर असे परस्पर ठरवून टाकले. एजन्सी मी उभी केली, याचा विसर पडलेला दिसतो. वर म्हणाल्या, बाबा, आता घरी आराम करा, तुमच्या टेबलावर नव्या डिझायनरला बसवायचंय. मी शांतपणे पैज लावली. गादीवाल्यांनी माझे फलक स्वीकारले, तर टेबल माझे. त्या म्हणाल्या, चालेल.
सून अजून अननुभवी आहे.

५ मार्च
सर्व पद्धतींचा निःपक्षपातीपणे विचार केला. पुस्तिका: ग्राहक शेवटचे पान आधी उघडतो. ईमेल: ग्राहक ती मेव्हण्याला पाठवतो, आणि मेव्हण्याला मत असतेच. स्लाइड: नजर स्थिरावते न स्थिरावते तोच चित्र पळते. उरला काळ्या जाड पुठ्ठ्यावर चित्र चिकटवलेला फलक, त्यावर बटर पेपरचा पदर. योग्य क्षणी पदर उचलायचा. हाच निष्कर्ष निघेल, हे मला कालच ठाऊक होते.

६ मार्च
गादी ही मोठी वस्तू. तिची जाहिरात छोट्या फलकावर दाखवणे म्हणजे तिचा अपमान. फ्रेमवाल्यास दोन फलकांचे माप दिले. त्याने विचारले, काका, दार बसवताय का? दुर्लक्ष केले. ‘मोठी बोर्ड’ म्हणाला, तेव्हा ‘मोठा बोर्ड’ असे सुधारून दिले. त्यानंतर तो बोललाच नाही. मनन करत असावा.

७ मार्च, दुपार
घरी रंगीत तालीम. प्रस्तावना, विराम, पदर. पुन्हा विराम. सौ. दुसऱ्या विरामात झोपी गेली. गादीच्या जाहिरातीला याहून मोठी पावती कोणती? जागी झाल्यावर म्हणाली, अहो, सुनेचं ऐकलंत तर काय बिघडेल? प्रश्नाची रचना निर्दोष होती, आशय नव्हता.

८ मार्च
फलकांना बाक आला. मागून लाकडी पट्ट्या ठोकल्या. आता ते ताठ आहेत. माझी पाठ नाही. गाडीत मावत नाहीत. टेम्पो सांगितला. टेम्पोचे ऐकून सूनबाईंनी कपाळाला हात लावला. माघारीचे पहिले लक्षण.

१० मार्च, सोमवार, सायंकाळ
विजय.
तपशील असा. बैठकीच्या खोलीला दोन मोठ्या खिडक्या, पडदे धुवायला गेलेले. भिंतीवर उन्हाचा झोत. सूनबाईंच्या स्लाइडवरची गादी अशी फिकट दिसे की, ती गादी आहे हे सांगावे लागे. सूनबाईंच्या कपाळावर घाम. गादीवाले म्हणाले, मॅडम, आम्हाला काही म्हणजे काही दिसत नाहीये.
नेमक्या त्याच क्षणी मी फलकांसह प्रवेश केला. गादीवाल्यांचा चेहरा उजळला. काका, देवासारखे आलात, असे ते म्हणाले, शब्दशः. त्यांनी जातीने उठून दोन्ही फलक खिडक्यांना लावले. मापात तसूभरही फरक नाही. अंधार झाला. स्लाइड झकास दिसू लागल्या.
चित्रे काचेकडे तोंड करून होती, त्यामुळे पदर उचलण्याचा प्रसंग आला नाही. एक फलक सरकत होता. तो मी शेवटपर्यंत धरून उभा होतो. माझ्या उभे राहण्याचा परिणाम गंभीर झाला असणार, कारण कोणीही माझ्याकडे पाहिले नाही.
काम आपल्याला मिळाले.

११ मार्च
टेबलाचा विषय मीच काढला. गादीवाल्यांनी फलक स्वहस्ते उचलले, म्हणजेच स्वीकारले, हे क्रियापदांच्या आधारे सिद्ध केले. सूनबाई हसू दाबत म्हणाल्या, हरले मी, बाबा, टेबल तुमचंच. पण शुक्रवारी साबणवाल्यांकडे यायचं हं, फलक घेऊन.
म्हटले नव्हते का? पद्धत पुन्हा रुळली. साबणासाठी कोणते चित्र घ्यावे, असे विचारले. त्या म्हणाल्या, त्यांच्याकडे खिडक्या तीन आहेत, तेवढा एक वाढवा. चित्र नको चिकटवायला, नुसता काळा चालेल.