आयुधपूजेचा टाइपरायटर

लष्कर मोहल्ला, म्हैसूर
१४ डिसेंबर १९८१

चि. कमलाक्षीस दत्तोजीदादाचे अनेक आशीर्वाद.

हात सवयीनं ‘चि. सौ.’ लिहून गेला. तो कागद फाडला, हा दुसरा.

सकाळपासून कानात दवंडीचं तमटं वाजतंय. आपल्या लहानपणी विहीर बाटली की दवंडीवाला म्हातारा ते बडवत गल्लीत शिरायचा, आठवतं? ढम्, ढम्. तासाभरात सगळ्या मोहल्ल्याच्या घागरी पालथ्या. कागद नाही, सही नाही.

आम्ही बरे आहोत. तुझ्या जयलक्ष्मीवहिनीचे गुडघे धरलेत. मी जुन्या कविता म्हणत बसतो. आपल्या एकाच खोलीच्या शाळेत तू कविता म्हणताना अडलीस की मी मागच्या बाकावरून ओठ हलवून पुढची ओळ सांगायचो. गुरुजींच्या छड्याही खाल्ल्या त्यापायी.

आज माझ्या जुन्या खात्याचा शिपाई एक कागद ठेवून गेला. संध्याकाळी सही न्यायला येईल. सरकारी दुकानातलं मटण परत मागवण्याचा हुकूम खंडेनवमीच्या दुपारीच टाइप होऊन गावोगाव गेला, लोकांनीच मानला नाही, असं त्यात आहे. टाइप करणारा म्हणून सही माझी. ती झाली की चौकशी मिटली. अकरा माणसं स्वतःच्याच चुकीनं मेली, असं ठरेल. त्यात तुझे रणोजीरावही.

हुकूम गेला नव्हता, कमळे.

बंगळूरहून फोन आला तेव्हा अकरा वाजले होते. मटणात विष झालंय, ताबडतोब परत घ्या. पण सकाळीच आयुधपूजा झालेली. टाइपरायटरला झेंडूची माळ, जीपच्या चाकाखाली लिंबू, दौत-लेखण्यासुद्धा पाटावर. मीच साहेबांना म्हणालो, “पूजेतली आयुधं आज उठवायची नाहीत. उद्या दसऱ्याची बन्नीमंटपाची मिरवणूक झाली की लगेच टाइप करतो.” साहेब हसले. “सरी, सरी, चालेल, दत्तोजीराव. नाहीतरी गावात पाव्हणे आहेत, बोभाटा कशाला.” आणि लेखी हुकूम निघेपर्यंत कुणी बोलायचं नाही, असं बजावलं. माझ्या निवृत्तीला दहा दिवस उरले होते.

तुझ्या घरचा नवमीचा वाटा मी सकाळच्या बसनं धाडला होता. त्याच दुकानातला. पितळी डब्यात, झाकणावर माझं नाव कोरलेल्या.

रणोजीरावांचे दिवस झाल्यावर माहेरी आलीस तेव्हा तू विचारलंस, “तुम्हाला कसं काही झालं नाही, दादा?” मी म्हणालो, देवाची कृपा. देवाची नव्हे. साडेअकराला मी घरी येऊन जयलक्ष्मीला पातेलं मोरीत ओतायला लावलं. आम्ही त्या दिवशी वांग्याची भाजी खाल्ली. दीडची तुझ्या कृष्णराजनगरची बस माझ्या डोळ्यांदेखत गेली. तुम्ही जेवलात रात्री.

टाइपरायटर पूजेत होता. जीभ काही पूजेत नव्हती. पुढची ओळ मला येत होती, आणि मी ओठ हलवले नाहीत.

दार वाजतंय. शिपाई लवकर आला वाटतं. सहीची जागा कोरीच आहे, आणि कोरीच

जयलक्ष्मी दारातून हाका मारतेय. शिपाई नाही. तू आली आहेस. अंगणात उभी आहेस, हातात तोच पितळी डबा, घासून लख्ख केलेला. भावाचा डबा परत करायचा राहिला होता, म्हणतेस. रिकामा कसा आणू म्हणून चिरोटे भरलेस म्हणे.

हे पत्र आता टपालात टाकत नाही. तोंडानंच सांगायला बाहेर येतो.

दादा म्हणशील तोवर तुझा,
दत्तोजी