सुतकाआधी जुना गोवा

९ जानेवारी २०११, रवि.
तेजस्विनीचा फोन. माझ्या चित्रकलेच्या वर्गातली, आता आर्किटेक्ट, ऑफिस खारघरला. बावीस तारखेला जुन्या गोव्यातली बरोक शैलीची, सोन्याने मढवलेल्या वेद्यांची चर्चेस चालत दाखवणार आहे. "सर, तुम्ही यायलाच हवं." हो म्हटलं. आर्ट स्कूलला बरोकचा अख्खा पेपर लिहिला तो काळ्या-पांढऱ्या चित्रांवरून. ते सोनं प्रत्यक्षात कसं दिसतं, अजून माहीत नाही. बायको, सुमन, म्हणाली, मी येणार, एकटं कोण सोडतंय तुमाला.

११ जाने.
डोळ्यांचे डॉक्टर. काचबिंदू पुढे सरकलाय. कडेचं सगळं गेलं, मधलं तेवढं उरलंय, पाइपातून बघितल्यासारखं. "गेलेलं परत येत नाही, राहिलेलं जपू." किती दिवस? सांगता येत नाही म्हणे. राग आला. काढणार कुणावर?

१६ जाने., रवि.
तिळगूळ घेऊन गावी, दादाकडे. चुलतभाऊ, पण सख्ख्याहून जास्त. आमचे बाबा गेल्यावर मला शाळेत त्यानेच ठेवलं. आता अंथरुणात, पाणी चमच्याने. वहिनी ओटीवर येऊन हळूच म्हणाल्या, "आता काय खरं नाय, भावजी." दादाला गोव्याचं सांगितलं. "जाऊन ये रं. मी काय पलून नाय जात." हसला तो. मला जमलं नाही.
परतताना रिक्षात एकच घोकत होतो, तेवीसपर्यंत थांब. दादासाठी नाही, सहलीसाठी. काय माणूस आहे मी.

१८ जाने.
सुतक लागलं की दहा दिवस घरात. त्यात सहलीला गेलो तर भावकी तोंडात शेण घालेल, आणि बरोबरच आहे. तेजस्विनीची पुढची सहल पावसाळ्यानंतर. तोवर डोळ्यांचं काय...
फोन वाजला की गावचाच वाटतो. दुपारचा गॅसवाल्याचा होता.

२१ जाने., शुक्र.
सकाळी पळस्प्याहून बस. बसल्या बसल्या सुमनने माझ्या खिशातून मोबाइल काढला, बंद करून पर्समध्ये टाकला. म्हणाली, "कानावं आलं नाय तर सुतक नाय."
रीत तशीच आहे, ऐकल्यापासून धरतात. पण ती लांब असलेल्यांसाठी. मी मुद्दाम कान झाकून बसलोय. परत दे म्हणणार होतो. म्हटलं नाही.

२२ जाने. जुना गोवा
बाँ जेझू चर्चची दर्शनी भिंत, गिलावा उतरलेला, आपल्याकडचाच जांभा. मग से कॅथेड्रल. तेजस्विनी छान बोलते. म्हणाली, बरोक एका नजरेत माणसाला घेरून टाकतं. तेच तर. माझी नजर तेवढी उरलीच नाही. मुख्य वेदीपुढे उभा राहिलो तर द्राक्षाचा एक घोस दिसला. मग एक गाल. मग नुसतं सोनं, कशाचं ते कळेना. मान फिरवली की मघाचं गेलं.
सुमनने सगळ्यांदेखत हनुवटी धरली. "आता वर. थांबा. आता डावीकडं, तितं पिळाचा खांब हाय." लहान पोराला भरवावं तशी वेदी दाखवली तिने. माझ्याच्याने ते तुकडे जोडले जाईनात. रडू आलं. लोकांना वाटलं, भक्ती.
पुढच्या चर्चला बाहेरच बसून राहिलो.

२३ जाने., रवि.
परतीची बस. गावाचा फाटा जवळ आला तसा समोर बघत बसलो. कडेचं मला दिसत नाही, खिडकीशी सुमन. फाटा गेला. तिने डोक्यावरून पदर घेतला.
"काय दिसलं?"
"मानसं होती जमलेली."
"कसली?"
तिने पर्स मांडीवर ओढून घेतली. मग म्हणाली, "लगीन असंल कोनाचं."
घरी आलो. मोबाइल तिच्या पर्समध्ये, बंदच. मी मागितलेला नाही, तिने दिलेला नाही. चहा झाला. पौष चालू आहे. पौषात आमच्या गावात लग्नं होत नाहीत, हे तिलाही माहीत आहे.