ग्रिल नसलेली खिडकी

६ सप्टेंबर २०२५
शिरलो एकदाचे! पितृपक्ष लागायच्या आत नव्या घरात पाऊल पडायलाच हवं, म्हणून आईंनी – सासूबाईंनी – पुण्याहून इथे परदेशात आल्यापासून धोशा लावला होता. पुंगोलचा हा ब्लॉक अगदी कोरा. चौदाव्या मजल्यावर आमचंच दार उघडतं, बाकीची कुलपात. खिडक्यांना ग्रिल नाही आणि गार्गी तीन वर्षांची. जिवाला घोर.

९ सप्टेंबर
ग्रिलवाला उद्या यायला तयार होता. आईंनी मोडता घातला. "पितरांच्या दिवसांत घराला नवं काही लावू नये. घटस्थापनेला लाव." सारंग म्हणाला, "पंधरवड्याचा तर प्रश्न आहे, मेधा." बायकोकडे न बघता म्हणाला. पोरीचं काय? चरफडत ग्रिलवाल्याची तारीख पुढे ढकलली.

१३ सप्टेंबर
सासऱ्यांची तिथ. वडे, खीर, भाजी सगळं झालं. कावळ्याचं पान आईंनी खिडकीबाहेर, एसीच्या कट्ट्यावर ठेवलं. बुटक्या आहेत, स्टुलावर चढून ओणव्या झाल्या. मला बघवेना. इथे पक्ष्यांना घातलं तर दंड होतो, सारंग म्हणाला. ऐकतंय कोण.
कावळा फिरकलाच नाही. पान वाळून गेलं. आई जेवल्या नाहीत. "ह्यांचं काहीतरी राहिलंय," एवढंच.

१५ सप्टेंबर
आता रोज पान. रोज कावळा नाही.

१७ सप्टेंबर
कुकर बंद करून बाहेर आले तर गार्गी स्टुलावर. पोट खिडकीच्या कडेवर, दोन्ही हात बाहेर. "काव काव! आजोबा नॉट कमिंग लाह," इथल्या पोरांसारखं बोलत होती. तिला ओढून घेतलं आणि मग आईंना नाही नाही ते बोलले.
स्टूल उचलून कपाटावर टाकलं, पार मागे.

२० सप्टेंबर
उद्या सर्वपित्री. सोमवारी सकाळी ग्रिलवाला येतोय. एवढा उद्याचा दिवस निभावला की सुटले. गार्गीला क्षणभर सोडत नाही, बाथरूमलाही बरोबर नेते.
आई अबोलाच धरून आहेत. संध्याकाळी स्टूल शोधत होत्या. मिळणार नाही, म्हटलं.

२६ सप्टेंबर
ग्रिल बसलं. सुतकात. या वेळी मोडता घालायला कुणी नव्हतं.
सर्वपित्रीला आईंनी सारंगची कामाची खुर्ची ओढली होती – चाकांची. मी गार्गीला घेऊन बाथरूममध्ये. बाहेर आले तर पान कट्ट्यावर, खुर्ची खिडकीशी, आई नाहीत.
सकाळपासून गार्गी ग्रिल धरून कावळ्याला हाका मारतेय. आजीला आण म्हणून.