गरम कपडे घे, म्हणाला

प्रिय मान्काताई,

आधी एक सांगते, मी बरी आहे. मागच्या आठवड्यात फोनवर हुंदके देत तुला म्हटलं होतं ना, की एलिनामी मला कायमची माहेरी आणून सोडणार आहे? तसं काही नाही. हे लिहितानाही माझं मलाच हसू येतंय.

झालं असं, की जेवता जेवता तो म्हणाला, "ईस्टर झाला की सफारीला निघायचं, दोघांनी. गरम कपडे घे." कुठे म्हटलं, तर "कळेल." आता तूच सांग, आपल्या माणसांनी सफारी म्हटलं की काय समजायचं? बाजाराला निघालं तरी सफारी आणि मयताला निघालं तरी सफारीच. जनावरं बघायला जाणं म्हणजे सफारी, हे तो ज्यांना गाडीतून जंगल दाखवतो त्या गोऱ्या पाहुण्यांचं. आणि इथे आरुशात कसली आलीय एवढी थंडी? गरम कपडे लागतात ते डोंगरावर, मारांगूला, आपल्या बाबांच्या घरी.

सासूबाईंचं तुला माहीत आहे. आळीतल्या सगळ्या बायकांना लोक अमक्याची आई, तमक्याची आई म्हणतात, मला अजून नुसतं आइकांडे. नातवाचं तोंड कधी दिसणार, हे त्या मला नाही, माझ्यासमोर कोंबड्यांना विचारतात. एलिनामी ऐकतो आणि गप्प बसतो. त्यात तो फोनवर कुणाला तरी म्हणाला, "इतकी वर्षं टाळलं, आता तिला नेऊनच सोडवतो हा प्रश्न." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणावरचं इसालेचं पान कापून, पुसून, त्याची गाठ बांधताना दिसला. ते पान पुढे धरून माफी मागितली, की आपले बाबा नाही म्हणूच शकत नाहीत. मग मला आणखी काय कळायचं राहिलं होतं?

मी सगळं बांधलं. चादरी, लग्नातली पातेली, शिलाई मशीन. चार दिवसांपूर्वी तो मालकाची गाडी घेऊन आला, पुढच्या शनिवारसाठी टायर तपासायला. ओसरीवरचा पसारा बघून म्हणतो कसा, "अगं, सिंह बघायला चाललोय की सिंहांना विजारी शिवून द्यायला?" मग माझा बांधच फुटला. म्हटलं, टाकायचंच असेल तर बसमध्ये बसवून दे, पानं कसली बांधतोस? तो मटकन पातेल्यावरच बसला.

पान माझ्यासाठी होतं, ताई. म्हणाला, "पावसाळ्यात पाहुणे नसतात, म्हणून त्या दिवशी फोनवर मालकाकडे गाडी मागितली. सगळ्या जगाच्या बायकांना न्गोरोंगोरोचं ते जनावरांनी भरलेलं विवर दाखवलं, आणि माझ्या बायकोनं मुलखातला एक झेब्राही पाहिला नाही. त्याची माफी मागायची होती." आणि त्या विवराच्या काठावर मारांगूपेक्षा थंडी असते म्हणे. मी विचारलं, मग आई बोलतात तेव्हा गप्प का बसतोस? पान हातात फिरवत म्हणाला, "मला वाटायचं, मी काही बोललो तर तुला वाटेल, मलाही तेच सलतंय. मला नाही सलत. मला तू पाहिजेस." एवढं बोलायला त्याला इतकी वर्षं लागली. मला खूप रडू आलं, पण ते वेगळं रडणं.

आता रोज संध्याकाळी आमची आखणी चाललीय, म्हणजे भांडण. मी म्हणते, मटण घालून केळ्यांचं कालवण नेऊ. तो म्हणतो, माकडं पातेल्यासकट नेतील. पाहुण्यांशी बोलतो तसंच माझ्याशीही बोलतो, "बाईसाहेब, हात खिडकीबाहेर नको." कोणतं जनावर बघायचंय विचारलं, तर मी म्हटलं पाणघोडा. तो हिरमुसला, सगळे सिंह मागतात ना. पण पाणघोडा दिवसभर पाण्यात लोळतो आणि त्याला कुणी काही विचारत नाही. काल सासूबाई कोंबड्यांपाशी सुरू झाल्या, तर हा उठून म्हणाला, "आई, कोंबड्यांना झोपू दे." बस, एवढंच. त्यांनी दोन दिवस अबोला धरायचं ठरवलंय, आणि मला छान झोप लागली.

हे सगळं फोनवर एका मिनिटात सांगता आलं असतं. दोनदा नंबर काढला आणि फोन ठेवून दिला. कारण मी कायमची येते म्हटल्यावर तू आधी मला गप्प केलंस, आणि मग म्हणालीस, "ये गं, आपण दोघी राहू," आणि हसलीस. तुझ्या नवऱ्यानं तुला माहेरी आणून सोडल्यापासून तुझं तसं हसणं मी ऐकलंच नव्हतं. फोनवर सांगितलं असतं तर तू क्षणभर थांबली असतीस आणि मग "बरं झालं," म्हणाली असतीस, आणि ते थांबणं मला ऐकवलं नसतं. म्हणून लिहिते आहे. ताई, मी येत नाही.

तुझीच,
आइकांडे